फालेओलोचा वजनकाटा

फालेओलो ते पागो पागो :
दीडशे किलोमीटर, चाळीस मिनिटं.
काउंटरमागच्या फळ्यावर एवढंच लिहिलंय,
खडूनं, मीच.

मंगळवारी नऊला सुटलेलं विमान
सोमवारी नऊ चाळीसला उतरतं.
मध्ये समुद्रात कुणीतरी तारखेची रेघ ओढून ठेवलीय.
वरून ती दिसत नाही, कॅप्टन उइली सांगतो,
दिसतात ढग, आणि पाण्यावर ढगांच्या सावल्या.
घड्याळाला हात लावावा लागत नाही.
कॅलेंडरला लावावा लागतो.

विमान एवढंसं, म्हणून माणसंही तोलतो मी.
बायका टोपली कडेवर घेऊनच काट्यावर चढतात,
चढताना श्वास रोखतात,
जणू श्वासाचंही भाडं पडेल.
पाद्री आपेलू, एकशे अठरा किलो,
रविवार आटोपून सोमवारी निघतो
आणि पलीकडे दुसरा रविवार गाठतो.
प्रवचन तेच. मी विचारलंय.

फुआतिनो महिन्यातून एकदा.
टोपलीसकट चौऱ्याऐंशी :
निखाऱ्यांवर भाजलेला तारो,
नारळाच्या दुधात शिजवलेली पानं,
आणि धाकट्या बहिणीसाठी फुलाफुलांचा झगा, दर वेळी नवा,
कारण आधीचा कुणी दिला ते मासिनाला आठवत नाही.
तीस वर्षं मासिना तिकडच्या कारखान्यात
टूना डब्यांत भरत होती.
आता डबे गेले, बोटं चालूच आहेत,
चादरीच्या कडेवर :
झाकण, झाकण, झाकण.

"मी एक दिवस मागे जाते," फुआतिनो एकदा म्हणाली,
काट्यावरून न उतरताच,
"आणि ती तिथूनही पन्नास वर्षं मागे बसलेली असते.
विचारते, आई नदीवरून आली का?
तिथवर कुठलं विमान जातं,
बघ जरा तुझ्या फळ्यावर."
मी बघितलं. खरंच वळून बघितलं.
रांगेत कुणाचं तरी लेकरू रडत होतं.

"परत कधी?"
"परवा."
गेलेला की येणारा,
ते या नोकरीत नीट विचारून घ्यावं लागतं.
जाताना मिळालेला दिवस
येताना मोजून परत द्यायचा असतो,
बिनव्याजी, पण चुकवता येत नाही.

गेल्या महिन्यात परतीची यादी आली.
फुआतिनो, एकाहत्तर.
तिच्याखाली आणखी एक नाव,
एक्केचाळीस किलो, हातातल्या पिशवीसकट.

बहीण पुढे, उलटी उतरत,
तिचे दोन्ही हात धरून, एकेक पायरी.
मासिनाच्या अंगात तीन झगे,
एकावर एक. ऊन मी म्हणत होतं.

काउंटरपाशी येऊन ती थांबली.
"आज वार कुठला?"
मंगळवार, म्हणालो.
"सकाळी तर सोमवार होता."

फुआतिनोनं तोंड उघडलं,
सवयीनं, तिला सावरून घ्यायला,
आणि मिटलं.
कारण मागून उतरलेला टायवाला माणूस,
विमा कंपनीचा असावा,
मोबाइल हलवत मला तेच सांगत होता.

इथे उतरणारं प्रत्येक जण तेच सांगतं.

"बरोबर आहे बाई," मी मासिनाला म्हणालो,
"सकाळी सोमवारच होता."
तिनं बहिणीकडे पाहिलं,
बघ, सांगत नव्हते मी, अशा नजरेनं,
आणि वरचा झगा काढून
माझ्या काट्यावर ठेवला.