गुळाच्या रंगाचा आकडा

दिवसभर मी उद्यमनगरात चलनं फाडते,
व्हॉल्व्हच्या बॉड्या, पंपाचं कास्टिंग, वजन, जीएसटी.
रात्री भांडी आवरून लॅपटॉप उघडते,
जसं कुणी पेटी काढून बसावं रियाजाला
गायला कुणी बोलावलेलं नसताना.

कोर्सबिर्स केला नाही.
भाचीच्या बारशाचं कार्ड करायला घेतलं
आणि पहाटे तीनला कळलं,
दोन अक्षरांमधली जागासुद्धा कुणीतरी ठरवलेली असते.
तेव्हापासून पाट्या वाचता येत नाहीत.
राजारामपुरीतून जाताना
पाटी काय म्हणते ते राहतं बाजूला,
दिसतो वेलांटीवर चढून बसलेला रफार,
‘क्लिनिक’मधल्या क्ल ची मोडलेली मान.
स्कूटरवरनं दोनदा पडता पडता वाचलेय.

शेजारचे लाटकरकाका लक्ष्मीपुरीत छापखान्यात जुळारी होते.
चष्मा कपाळावर सारून स्क्रीनकडे बघतात.
“जोडाक्षर तुटलं तर आम्ही खिळा बदलायचो.
तू काय बदलतीस?”
“फॉन्ट.”
“म्हंजे खिळाच की.”
आणि चहा बशीत ओततात, विषय संपला.

मग आले बाळगोंडा पाटील,
कागलकडं गुऱ्हाळ, शाहूपुरीत अडत.
“लोगो पायजे ताई, आणि एक वेबसाईट. पैशाचं बोला.”
म्हटलं, हौस आहे, पैशाचं नंतर.
तर वर्तमानपत्रात गुंडाळून एक ढेप ठेवून गेले टेबलावर.

तीन रात्री मी गुळाचा रंग शोधला.
खिडकीत ठेवून फोटो काढला,
ड्रॉपरनं टिपला नऊ ठिकाणी,
नऊ आकडे आले.
भेगेतला वेगळा, कडेचा वेगळा,
जिथं बोट लागलं होतं तिथला आणखीच.
सरासरी काढली, तर चिखल.

सॉफ्टवेअर मध्येच विचारतं, मी करून देऊ का?
चार सेकंदांत चाळीस लोगो.
चाळीसही ठिकाणी ऊस उजवीकडे वाकलेला,
मागं सूर्य.
वाईट नव्हते, हेच वाईट वाटलं.
खाली बारीक अक्षरात: ट्रायल संपायला अकरा दिवस.

शेवटी भेगेतला रंग घेतला, काळपट तांबूस,
आणि पाठवून दिला.
बाळगोंडांचा फोन, “लई भारी. फक्त जरा पिवळा करा.”
“पण तुम्ही दिलेला गूळ असा आहे.”
“तो घरचा हो.
गुजरातला पिवळाच लागतोय.
घरात आम्ही ह्योच खातो, काळा.”
जरा थांबून म्हणाले,
“काळा दिसला की गिऱ्हाईक म्हणतंय जुना माल.”

ब्रँड म्हणजे काय, यावर मी पुष्कळ ऐकलंय,
वचन, ओळख, गोष्ट वगैरे.
कुणी सांगितलं नव्हतं की तो
घरात एक आणि दारात एक असा रंग असतो
आणि माणूस त्याबद्दल खोटंही बोलत नाही.

मी पिवळा केला.
सावली दिली, चकाकी दिली,
‘मातीचा गोडवा’ अशी ओळ टाकली
जिची मला लाज वाटते.
करता करता ढेपेचा तुकडा तोंडात,
एक कण पडला कीबोर्डवर,
झेडच्या बटणाखाली.

कंट्रोल दाबला होता. झेड चिकटला.
डोळ्यांदेखत सगळं मागं जायला लागलं,
ओळ गेली, चकाकी गेली, सावली,
पिवळा गेला, तांबूस आला, तोही गेला,
तीन रात्री भराभर उलट्या चालत
दाराबाहेर निघाल्या.
मी लॅपटॉप पालथा करून टाचणी शोधतेय.

थांबलं तेव्हा पांढऱ्यावर एकच उरलं होतं,
पहिल्या रात्री आकार बघायला टाकलेलं
ळ.
दोन पोटं, एकमेकांत गुंतलेली,
मध्ये कढईइतकी जागा.

सेव्ह केलं.
नाव काय देऊ विचारलं, तर सुचेना.
बटण अजून चिकटतंय थोडं.