खोडा, धोंगडे

सकाळी अकराला टीव्हीवर बाई अभिभाषण वाचतायत.
कुठल्याशा डोंगराळ राज्याच्या राज्यपाल.
मागे उंच पाठीची खुर्ची,
शेजारी पुतळ्यासारखा एडीसी,
आणि दर चौथ्या वाक्याला "मेरी सरकार".

मी जेलरोडच्या दोन खोल्यांत.
मांडीवर वही, हातात पेन्सिल.
त्या हिंदीत वाचतायत, मी मराठीच्या खुणांत उतरवतोय.
कुणी सांगितलेलं नाही.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली
तरी हा आवाज आला की बोटं आपोआप चालू लागतात.

कुमुद गायधनी.
वडील प्रेसमध्ये, कोर्ट फीचे स्टँप छापायचे.
पाळी सुटली की गेटवर
खिसे उलटे करून दाखवायचे, मगच घर.
बाई सीबीएससमोरच्या दगडी कोर्टात जज होत्या,
दोन खेपा, मिळून सात वर्षं,
आणि निकाल सांगून झाला की चेंबरच्या दारात थांबून
स्वतःचे तळवे एकदा उलटेसुलटे बघायच्या.
मी कधी विचारलं नाही.

तांबट आळीतल्या दोन भावांचा दावा आठवतो.
दुकान, गाळा, भट्टी, आणि एक हंडा.
हंड्यावर थोरल्याचं नाव, मशीननं कोरलेलं, ताजं.
बाईंनी तो खिडकीपाशी नेला, उन्हात तिरका धरला.
खाली घासून घालवलेलं दुसरं नाव उमटलं :
सौ. पार्बता.
आई. जिवंत होती.
बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलेली,
पिशवीत दोघांचेही डबे.

बाई सांगू लागल्या, मी लिहू लागलो.
"हंडा जिचा आहे ती व्यक्ती व्हरांड्यात बसली आहे.
तिला या न्यायालयानेही आजवर काही विचारलेले नाही."
मग चष्मा काढला.
बाहेर कंडक्टर ओरडत होता, सिन्नर, सिन्नर.
"शेवटचं वाक्य खोडा, धोंगडे.
निकालात हुंदका नको."
मी खोडलं.
पण आमच्या लिपीत खोडलेलंही वाचता येतं,
रेघ बारीक असली तर.

पुढे हायकोर्ट. पुढे कसलासा आयोग.
मग एक दिवस पेपरात फोटो,
आणि गायधनींच्या भावकीनं पळशात वाटलेले पेढे.
मी पत्र टाकलं, मराठीत टाइप करून.
उत्तर आलं. चार ओळी, खाली राजमुद्रा,
आणि कडेला पेनानं :
इथे सही करायला पुष्कळ आहे, लिहायला काही नाही.

श्रावणात एकदा राजभवनातून फोन.
"गंगेला पूर आहे म्हणे. पाणी दुतोंड्याच्या कुठवर?"
म्हटलं, कमरेच्या वर, छातीला लागेल संध्याकाळी.
बाई हसल्या.
"मलाही तेवढंच काम दिलंय हो.
मध्ये उभं राहायचं.
लोक माझ्यावरून पाणी मोजतात."
जरा वेळानं म्हणाल्या,
"मोजतात, हेही काही कमी नाही."
मला तेव्हा पटलं नव्हतं.
अजूनही नीटसं पटलेलं नाही.

आता पान बारा असावं.
"धरणामुळे विस्थापित झालेल्या सर्व कुटुंबांचे
पुनर्वसन मेरी सरकार ने" असं काहीतरी,
पूर्ण, समाधानकारक, वेळेआधी.
बाकं वाजली.
बाईंनी चष्मा काढला.

एक. दोन. तीन.
एडीसी हलला नाही.
सभागृहाला वाटलं असेल, बाईंचं वय झालं.
वार्ताहर घड्याळाकडे बघत असेल.
मग चष्मा चढला, पुढचं वाक्य आलं,
त्याच आवाजात, रस्ते आणि पर्यटन.

माझी पेन्सिल मात्र तिथंच थांबली होती.
मी मागे गेलो
आणि ते वाक्य खोडलं.
एकाच रेघेत, हलक्या हातानं,
खालचं दिसेल असं.

राष्ट्रगीत लागलं. बाई उभ्या.
मीही उठलो, गुडघा धरून.
नंतर मिरवणूक, बिगूल, लाल गालिचा,
आणि दाराशी त्या क्षणभर थांबल्यासारख्या वाटल्या,
पाठमोऱ्या, हात पुढे.
तळवे बघत होत्या का,
ते कॅमेऱ्यानं दाखवलं नाही.