घट

ही वही खरं तर चांदीची.
डावीकडं आलेली चांदी, उजवीकडं गेलेले पैंजण,
मधल्या रकान्यात घट, दोन ग्रॅम, तीन ग्रॅम,
जी कानशीत जाते, धुरात जाते, कुठंतरी जाते.
मागच्या पानांवर मी कोंबड्या लिहिते.

हुपरीत आमची गल्ली दिवसभर टिकटिकत असते.
मी चिमट्यानं कडीत कडी घालते,
आणि डोळे शिणले की परड्यात बघते.

वडगावच्या बाजारातनं आणला होता कोंबडा.
पांढरा, पण पिसापिसाला काळी कड,
कुणी बसून तार ओढावी तशी.
विकणारा म्हणाला, वजन बघा, नख्या बघा.
मी कडच बघत होते.

घरच्या तांबडीला तो दिला.
पहिल्या रवणीत कड विरघळली,
नऊ पिल्लं, नऊही सांडलेल्या चहासारखी.
मग लेक परत बापाला दिली.
हे लिहिताना पेन थोडं अडलं.
जाऊबाई म्हणाली, कोंबड्यांत कसलं आलंय गं नातं,
आणि मग तीच जरा गप्प झाली.

रावसो म्हणतात, रंगाला काय चाटायचंय?
फोडलं तर आत पिवळंच की.
खरं आहे. मी भाकरी वाढते.

तीन वर्षांत एक कड आली, तीही मानेपुरती.
तिला मुंगसानं नेलं.
वहीत लिहिलं: घट, एक.

आणि मग शकीलाभाभीचा कोंबडा भिंतीवरनं आला,
मळकट पांढरा, अंगावर शाईचे शिंतोडे,
न विचारता माझ्या काळ्या तलंगेपाशी.
मी चप्पल फेकली. उशीर झाला होता.
एकवीस दिवसांनी डालग्याखाली सगळी पारवी पिल्लं,
पावसाआधी दुपारी पत्र्यावर जो रंग उतरतो, तो.
मी भाभीला साखर नेऊन दिली, कारण नाही सांगितलं.

लोभ सुटला. पारव्याला पारवी दिली,
म्हटलं आता परडंभर हाच रंग.
अकरा फुटली. पाच पारवी, तीन काळी,
तीन शिंतोड्यांची, भाभीच्या भिंतीची आठवण ठेवून.
पुढच्या रवणीलाही तसंच, थोडं इकडं तिकडं.

शांतिनाथआण्णा चांदी तोलायला येतात.
अंड्याला शिवत नाहीत, परड्यात मात्र डोकावतात.
त्यांना वही दाखवली. चष्मा वर करून म्हणाले,
नुसत्या चांदीचं पैंजण पायात टिकतं का?
दाबलं की चेपतं. तांबं घालावंच लागतंय थोडं.
मग हळूच: ह्यांना कापत न्हाईस न्हवं?
मी म्हटलं, काळ्या जातात बाजाराला.
ते काट्याकडं बघत राहिले.

काल पारवीला कडेचा नातू दिला होता, त्याची अंडी आज फुटतायत.
सहा झाली. सातव्याला चोचीएवढं भोक पडलंय, आतनं टकटक,
गल्लीतल्या टिकटिकीत मिसळून जाणारी.
ओल्या पिल्लाचा रंग कळत नाही,
सगळी सारखीच, भिजल्या वातीसारखी.
आणि कड तर पिसं आल्याशिवाय दिसायची नाही,
म्हणजे दसरा उलटेल.

कड्या तशाच राहिल्यात ताटलीत.
आण्णा दारात, हातात काटा,
आज तोलायचं विसरून विचारतात,
वाळलं का गं?