वाण

सोहारला खिडकी उघडता येते ती जानेवारीतच.
आज उघडली. समुद्राकडून मासळीचा वास आला,
मागोमाग बांग,
आणि तू डोळ्यांवर उशी ओढलीस.
म्हणजे आज उजेडही दुखतोय.

कसं वाटतंय, हे मी आता विचारत नाही.
बघते, चहाचा कप एका हातानं उचलतोस की दोन्ही.
दोन हातांचा दिवस असला
की शर्टाची बटणं मी लावते,
सेफ्टी बुटांच्या नाड्या बांधते,
आणि सव्वासहाच्या बसपर्यंत तू असा चालतोस
की फोरमनला वाटावं, रात्री मॅच बघत बसला असेल.
मार्चमध्ये व्हिसा रिन्यू व्हायचाय.
तोवर दुखायचं नाही, असं ठरलंय आपलं.

कंपनीनंच धाडलं होतं ऑस्ट्रियाला, टर्बाइन शिकायला.
रविवारचा एक फोटो आहे:
गुडघाभर गवत, हाफ पँट,
आणि हिरव्यानं पिसाळलेला तू.
नऊ वर्षं वाळू बघितल्यावर कोण पिसाळणार नाही?
फोटोत ती दिसत नाही.
खसखशीएवढी असते म्हणे.

पहिला डॉक्टर म्हणाला, ड जीवनसत्त्व.
दुसरा म्हणाला, वात.
तिसरा माझ्याकडे बघून म्हणाला, टेन्शन घेतात का फार?
मस्कतला एका मल्याळी डॉक्टरीणबाईंनी
पेन खाली ठेवून विचारलं, कुठे कुठे फिरलात?
दोन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.
लाइम, त्या म्हणाल्या. मला आधी लिंबूच ऐकू आलं.
गोळ्यांचा कोर्स झाला.
आणि तरी रात्री दोनला तुझे पाय जळतात,
बोलता बोलता शब्द हरवतो, परवा तर 'चमचा' हरवला.
या उरलेल्या दुखण्याला काय म्हणायचं,
यावर डॉक्टरांचंच जमत नाही.
मी त्या भांडणात पडत नाही. पाय चोळते.

आईंना फोनवर सांगितलं, गोचीड.
त्या हसल्या. अगं, ती म्हशीला होते!
मग बराच वेळ नुसती लाइन चालू.
मग म्हणाल्या, आम्ही तर रॉकेल लावायचो.

कुणाला सांगू नकोस, तू म्हणालास.
तिन्ही बिल्डिंगांत कंपनीचीच माणसं.
मी शब्द दिला, आणि अर्धाच पाळला.

मंडळाच्या हळदीकुंकवाला बाकीच्यांनी
डबे वाटले, वाट्या वाटल्या.
मी वाण दिलं चिमट्याचं.
बारीक टोकाचा, सुकातला, तीनशे बैशांना एक.
सोबत चिठ्ठी, एकतीस वेळा हातानं लिहिलेली:
*गवतातून, रानातून आलात की अंग बघा.
गुडघ्यामागे, काखेत, पोरांच्या कानामागे.
गोचीड दिसली तर कातडीलगत धरून सरळ वर ओढा.
तेल नको, रॉकेल नको, पेटती काडी नको.
पुढे चट्टा पसरला, ताप आला,
तर डॉक्टरला आधी सांगा, कुठे गेला होतात.*
तुझं नाव घातलं नाही.

भुवयांना झकास आहे गं, वृंदा म्हणाली.
सगळ्या हसल्या, मीही हसले.
हातावर तिळगूळ होता, गोड बोलायचं होतं.
मी गोचिडीबद्दल बोलत राहिले.

रात्री पावणेअकराला फोन.
हसबनीसवहिनी, आवाज अगदी खालचा.
मुलगा पोलंडला शिकतो.
चट्टा गोलच असतो का गं?
मी म्हटलं, थांबा, चिठ्ठीत मी ते...
आणि पुढचं मला येईना.

उशीखालून तुझा हात आला.
दे इकडे.

वहिनी, गोलच असतो असं नाही.
मला तर दिसलाच नव्हता.
हो, मलाच.
त्याला म्हणावं, उद्याच जा. थांबू नकोस.

बराच वेळ बोलत होतास.
मध्ये एक शब्द हरवला, तिकडून त्यांनी तो दिला.
खिडकी उघडीच होती.
फोन तू दोन्ही हातांनी धरला होतास.