उठताना

सेतूबलच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद आहे.
शिकत होते तेव्हाचा, अक्षर अजून गोलगरगरीत:
उणं झालं तर रक्ताचं. अधिक झालं तर विजेचं.

म्हणजे मेंदूला घटकाभर रक्त पोचलं नाही
की काहीतरी हरवतं.
हातातून कप, जिभेवरून शब्द, डोळ्यांसमोरून अर्धं दार,
आणि सगळं एकदम, फ्यूज उडाल्यासारखं.
फिट मात्र आणते. नको ते आणते:
झटके, जळक्या रबराचा वास,
मुंग्या.
आणि मुंग्या रांगेनंच येतात,
अंगठा, मनगट, कोपर, मग गाल.
जरा वेळ लागतो त्यांना चालायला.

चांगला कागद आहे. बहुतेकांना पुरतो.

आबिलिओ फाराझोटा, वय एकाहत्तर,
त्रोयाच्या फेरीबोटीवर जन्मभर इंजिनं सांभाळलेला.
उजवा हात फडफडतो, म्हणाला,
टोपलीतल्या माशासारखा. दोनेक मिनिटं.
शुद्ध जात नाही, जीभ चावली जात नाही.
अधिक की उणं? अधिक.
मेंदूचा आलेख स्वच्छ निघाला,
पण फिटवाल्यांचाही निघतो कधीकधी.
गोळ्या लिहून दिल्या.
तीन आठवड्यांनी आला तो पेंगत,
आणि हात तसाच.
मी डोस वाढवला.

हे इथं लिहायला हवं. वाढवला.

पुढच्या खेपेला देओलिंदा सोबत आली.
सार्डिनच्या कारखान्यात आयुष्य काढलेली,
एका डब्यात पाच, सुलटे-उलटे,
नजरेनंच मोजणारी.
तिला नेहमीचं विचारलं:
आधी बोटं की आधी खांदा? तोंड वाकडं झालं?
नंतर भांबावला, झोपला?
"तोंड कधीच नाही. हात मात्र सगळा, एकदम."
पर्सची कडी उघडली, लावली.
"बसल्यावर होत नाही, डॉक्टर."

म्हणजे?

"रविवारी चर्चमध्ये. शुभवर्तमान वाचायला घेतलं
की सगळे उठतात ना, तेव्हा.
मी धरून ठेवते हात.
मागच्या बाकावरच्या बायकांना वाटतं, भक्ती दाटून आली.
पाद्रीबाबांनाही वाटतं.
याला कसली भक्ती! नंतर कॉफी मिळते म्हणून येतो.
मग सगळे बसतात,
आणि हात थांबतो."

फाईल उघडली. माझ्याच अक्षरात, पहिल्याच दिवशी:
काय करत होता? काही नाही, उभा होता.
लिहून घेतलं होतं मी. वाचलं नव्हतं.

त्याच्या मानेवर स्टेथोस्कोप टेकवला.
श्वास रोखा.
उजवीकडे नेहमीची धडधड.
डावीकडे जबड्याखाली
अर्धवट बंद नळातून पाणी जावं तसं
सूं, सूं.
नळ्या काढून त्याच्याच कानात घातल्या.
ऐकत राहिला, डोळे मिटून, बराच वेळ,
कामावर असल्यासारखा.
"पाईप तुंबलाय," म्हणाला.

तो उठायचा, रक्तदाब थोडा उतरायचा,
त्या चिमटलेल्या धमनीतून वर पुरेसं चढायचं नाही,
आणि भुकेला मेंदू हात हलवायचा.
उणंच होतं ते.
अधिकाचे कपडे घालून आलेलं.

त्याच आठवड्यात लिस्बनला मान उघडून साफ केली.
हात थांबला.
चर्चला येणंही थांबलं, देओलिंदाची तक्रार आहे.
आता काय धरून उभी राहू, विचारते,
माझ्याकडे त्यावर औषध नाही.

तो कागद अजून तिथंच आहे. काच जड आहे.
मी काचेवरच मार्करनं लिहून ठेवते,
बसल्यावरही होतं का?
झुल्मीरा संध्याकाळी फडकं मारते, पुसून जातं.
सकाळी परत लिहिते.