कशी आहे

ग्रिम्सबीत, मासळीच्या गोदीमागे माझं सलून.
दोन खुर्च्या, एक आरसा, दारावर नाव: रेबवार.
लोक त्याचं रॉबर्ट करतात. मी होऊ देतो.

पहिल्याच आठवड्यात पोस्टमन म्हणाला, ‘यू ऑलराइट?’
मी कात्री खाली ठेवली, खरंखरं सांगितलं:
झोप येत नाही, डावी दाढ ठणकते,
भावाचा फोन तीन दिवस लागलेला नाही.
तो दारात भिजत उभा, हातात माझं विजेचं बिल,
आणि चेहरा असा, जसं काही मी उसने मागितले.
शेजारच्या बेकरीतली लॉरेन मग म्हणाली,
अरे, तो प्रश्न नव्हता, ते टोपी उचलणं होतं.
तूही उचल. ‘यू ऑलराइट?’ म्हण आणि चालू लाग.

तेव्हापासून मी प्रश्न कानावर घासून बघतो,
वस्तरा बघावा तसा.
‘व्हॉट डू यू डू’ म्हणजे पोट कशावर भरतोस,
‘व्हॉट आर यू डूइंग’ म्हणजे, थांब, कान कापशील.
‘व्हॉट्स द मॅटर’ म्हणत खांद्यावर हात येतो;
शेवटी ‘विथ यू’ लागलं
की तोच हात कॉलरला.

क्लिफ स्टेनेट महिन्यातून एकदा, गुरुवारी येतो.
तरुणपणी आइसलंडकडच्या बोटींवर होता,
उजव्या हाताची दोन बोटं तिकडेच राहिली.
मागून बारीक, वर राहू दे. एवढंच बोलणं.
मार्चमध्ये आला तेव्हा कोटाचं वरचं बटण नव्हतं,
आणि मला विचारावंसं वाटलं, बायको कशी आहे?
माझ्या भाषेत याला एकच शब्द,
तब्येतीला तोच, स्वभावालाही तोच.
इंग्रजीत दोन खण. मी भलताच ओढला:
‘व्हॉट इज युवर वाइफ लाइक?’

आरशातून त्यानं माझ्याकडे पाहिलं.
हातातलं मशीन गुरगुरत होतं, मी बंद केलं.
बेरिल? म्हणाला. बेरिल हट्टी आहे.
नकाशा उलटा धरते आणि तरी पोचते.
चिप्सवर आधी व्हिनेगर, मग मीठ,
नाहीतर मीठ वाहून जातं, म्हणते.
मी समुद्रावर असलो की रेडिओवर हवामान लागताच
बंद करते, आणि धुणं काढते,
धुतलेलंच पुन्हा.
हसायला लागली की शिंकते.

वीस मिनिटांच्या कामाला सव्वा तास लागला.
दोन गिऱ्हाइकं थांबून थांबून गेली.
जाताना त्यानं टीप ठेवली. कधी ठेवत नाही.

बेरिल जानेवारीतच गेली की, लॉरेन म्हणाली,
पाव पिशवीत घालता घालता.
सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं,
म्हणून कुणी काही विचारत नव्हतं.
‘हाऊ इज’ला जागाच उरली नव्हती,
‘हाऊ आर यू’ला तो ‘फाइन’ म्हणून मोकळा.
आणि मी विचारलं, तेही ‘इज’ लावून.
दोन रात्री कूस बदलत होतो.
मग आठवलं: त्याची सगळी उत्तरं ‘आहे’तली होती.
‘होती’ एकदाही नाही.

एप्रिलात आला. बटण नव्हतंच.
कापड गळ्याशी बांधलं.
‘यू ऑलराइट?’ ‘यू ऑलराइट.’
मग आरशातून, सावकाश: तुझी आई,
‘व्हॉट इज शी लाइक?’
मी म्हटलं, साखर वाढलीय, गुडघे धरलेत,
शुक्रवारी डोळ्याचं ऑपरेशन.
ते नव्हे, तो म्हणाला.

नऊ वर्षं फोनवर रोज विचारतोय, कशी आहेस,
रोज ती म्हणते, बरी.
त्याच्या कानामागचे कापून झालेले केस
मी पुन्हा कापायला घेतले.

दोरा, मी म्हटलं.
दोरा दातानं तोडते. शेजारी कात्री असली तरी.

क्लिफनं मान हलवली.
हलू नका, मी म्हटलं.
अजून, तो म्हणाला.