पाण्याचा दिवस

पाच दिवसांनी नळ आला
आणि नेमका तेव्हाच फोन.
निलम नगरात सकाळचे साडेसहा;
कॅल्गरीत अजून कालची संध्याकाळ,
म्हणजे धृतीचा वाढदिवस
आमच्याकडे संपला, तिच्याकडे चालू.

"थांब रे व्यंकटेश, पिंप भरू दे."
फोन टेकवला साबणाच्या डब्याला.

पलीकडे तिघंच.
एक फुगा, तोही भिंतीला धरत नव्हता.
अंबुजाने कुकरात रव्याचा केक उकडलेला,
वर घरातलीच मेणबत्ती, अर्धी जळकी.
"एवढंच केलं, अत्तम्मा."

मी काय बोलणार?
व्यंकटेश वर्षाचा झाला तेव्हा
यांची डबल पाळी होती कारखान्यात.
लाइट गेली, माग थांबले,
म्हणून बाप घरी आला,
केसांत कापसाची पिंज तशीच.
तोच सोहळा.

मेणबत्तीकडे धृतीचं लक्षच नाही.
ती बघत होती
वळवळणारा पाइप,
काठावरून सांडणारं पाणी,
कळशी घेऊन घसरता घसरता सावरलेले आजोबा.
आणि हसली.
दोनच दात,
पण सगळी हसली.

मग मी
भरलेली बादली उचलली
आणि ओतली मोरीत, अख्खी,
पुन्हा हसावी म्हणून.

पुढचं पाणी शनिवारी.
हे बघत राहिले माझ्याकडे.
मला वाटलं, आता ओरडणार.
ते दुसरी बादली घेऊन आले,
म्हणाले,
"जरा उंचावरून ओत."